पस्तीस बाय पंचेचाळीस

मागचा पडदा धुताना नीळ जरा जास्त पडली होती.
त्यांना निळसर चालत नाही. पांढरा म्हणजे पांढरा.
उत्पला खिल्लारेचे पहिले आठ फोटो
तेवढ्यावर परत आले.

तेव्हा ती नवी नवरी.
शीलरत्न एडमंटनला जाऊन सव्वा महिना झालेला.
मी म्हणलं, हसू नका.
ती म्हणाली, काहून?
नियम आहे, म्हणलं. कान दिसले पाहिजेत,
दात दिसले नाही पाहिजेत.
तर ती आणखीनच हसली.
अकराव्या क्लिकला जमलं.

फोटो सहा महिन्यांच्या आतला लागतो.
दुसऱ्यांदा आली तेव्हा दोन क्लिक लागले.
तिसऱ्यांदा एक.

आमच्या गावाचं नाव पूर्णा.
तिच्या मोबाइलवर मात्र सकाळ-संध्याकाळ एकच ओळ:
प्रक्रिया चालू आहे.
आणि एकदा, ऐन पोळ्याच्या दिवशी: कागद अपूर्ण.
कोणता कागद, ते लिहिलेलं नव्हतं.
तिचे वडील रेल्वेतून रिटायर झालेले पॉइंट्समन,
ते म्हणाले, आपल्या जंक्शनवर गाडी दोन तास तटली
तरी भोंग्यातून सांगतात बाबा, कशापायी तटली.
खोटं सांगतात.
पण सांगतात.

प्रक्रिया हा शब्द माझ्याही धंद्यातला.
आमच्या अण्णांची डार्करूम होती, आता जिथं झेरॉक्स मशीन आहे तिथं.
लाल दिव्याखाली कागद ट्रेमध्ये सोडायचा
आणि मनात नव्वद मोजायचे.
आधी भुवया यायच्या, मग केस,
मग माणूस ओळखू यायचा.
नव्वदचे दीडशे झाले की चेहरा काळा पडायचा.
अण्णा ओरडायचे, अरे काढ त्याला बाहेर!

मधे शीलरत्न वीस दिवस येऊन गेला.
मधे मेडिकलची मुदत संपली,
म्हणून रात्रीच्या गाडीनं पुन्हा सिकंदराबाद,
पुन्हा छातीचा एक्स-रे.
डॉक्टर म्हणाला, मागच्या वर्षी होता तसाच आहे.
हे तिनं मला आनंदाची बातमी असल्यासारखं सांगितलं.

आठातले सहा जातात, दोन उरतात.
ते मी टाकून देत नाही.
बायको म्हणते, लोकाच्या लेकीचे फोटो गल्ल्यात काहून ठेवता?
एका दुपारी लाइट नव्हती, गिऱ्हाईक नव्हतं,
तर काउंटरवर ओळीनं मांडले.
तोच पडदा, तेच कान.
चौथ्या फोटोत कानामागं एक पांढरा केस,
मी काढू शकलो असतो कॉम्प्युटरवर,
पण चेहऱ्याला हात लावायचा नाही, हाही नियमच.
फॉर्मवर एक रकाना असतो म्हणे:
मागच्या अर्जानंतर काही बदल झाला आहे का?
ती ‘नाही’वर खूण करते.

ह्या वेळी रकाना भरला.
मेत्ता, वय साडेचार महिने.
बाळालाही तेच माप, पस्तीस बाय पंचेचाळीस.
डोळे उघडे, तोंड बंद,
धरणाऱ्याचा हात दिसता कामा नये.
पडदा काढून सतरंजीवर अंथरला,
मी खुर्चीवर उभा, कॅमेरा खाली रोखून.
आणि पोरगी हसायला लागली.

उत्पलानं तोंड फिरवलं. तरी हसली.
बायकोनं खुळखुळा लपवला. तरी हसली.
आधारची झेरॉक्स काढायला आलेले करीमचाचा
दाढी पुढं करून डोळे वटारून बसले,
तर खिदळून तिची उचकीच लागली.
आम्ही चार मोठी माणसं
गप्प, गंभीर, घामाघूम,
एका लेकराचं हसू थांबायची वाट बघत.

थांबलं. क्षणभर.
मी काढला.

त्याला आता पाच महिने होतील.
काल पडदा धुतला,
नीळ न घालता.