कलम चौदा, मोठ्याने

लिएपायात वारा समुद्राकडून येतो
आणि आमच्या कचेरीचं दार न विचारता उघडतो.
आर्वीड्स काल्वे मात्र दार वाजवून आले,
आतलं उत्तर ऐकू येणार नाही
हे माहीत असूनही.

एकतीस वर्षं गोदीत जहाजांचे पत्रे ठोकले,
कान तिथेच राहिले.
दोन वर्षांपूर्वी पेन्शनीतून साठवून नवे घेतले,
राखाडी, बदामाएवढे, फोनशी जोडलेले.
परवा रात्री फोनवर नवा करार आला:
मान्य करा, नाहीतर
सोमवारपासून आपले उपकरण साध्या दर्जाने चालेल.
साध्या दर्जाने म्हणजे
किटली उकळतेय की नात रडतेय,
आवाज एकच.

टेबलावर गठ्ठा ठेवला. एकसष्ट पानं,
वाचनालयात छापलेली, पानाला दहा सेंट,
पावती टाचणीने लावलेली.
समासात पेन्सिल.
इथे ‘आमच्या मर्जीनुसार’ खोडून ‘दोघांच्या’,
तिथे नुसतंच ‘का?’
शेवटी सही, तारीख.
अशीच एक प्रत त्यांनी रजिस्टर पोस्टाने
कंपनीला पाठवली होती.
कराराला दोन बाजू असतात
असं समजणारा माणूस.

नऊ वर्षं मी ग्राहकांच्या तक्रारी नोंदवते.
करार वाचून आलेला ग्राहक पहिल्यांदाच पाहिला.
खरं तर अख्खा मीही कधी वाचलेला नाही.
अंगठ्याने सरकवत तळ गाठायचा,
मधल्या सगळ्याकडे कानाडोळा.

त्यांनी चौदाव्या कलमावर बोट ठेवलं.
‘हे कळत नाही. वाचून दाखवा.’
यंत्रं काढून खिशात ठेवलेली,
निषेध म्हणून.
मग काय, मी ओरडून वाचलं:

उपकरण आपण विकत घेतले आहे.
ते ज्यामुळे चालते, ते आपण विकत घेतलेले नाही.
ते आपणास केवळ वापरू दिलेले आहे
आणि ही परवानगी आम्ही कोणत्याही क्षणी,
कारण न देता,

भिंती पातळ आहेत, बाहेर रांग.
आधी फ्रिजची तक्रार घेऊन आलेला हसला,
मग बाबागाडीवाली,
मग कोणीच नाही.
बारीक अक्षरातलं वाक्य मोठ्याने म्हटलं
की त्याच्या अंगावर कपडे उरत नाहीत.

‘पुढे,’ काल्वे म्हणाले.
पंधरा. सोळा. एकविसाव्यात माझा घसा बसला:
वाद झाल्यास आपण इतरांसोबत मिळून
दावा करणार नाही, हे आपणास मान्य आहे.

‘मला मान्य नाही!’
ते माझ्याहून मोठ्याने ओरडले.
मी म्हटलं, बटण दाबलं म्हणून
प्रत्येक अट बांधत नाही.
अन्याय्य अट कायद्यापुढे टिकत नाही.
‘काय?’
टिकत नाही!
बाहेर बाबागाडीवालीने फोन काढला,
आणि मला काचेतून दिसलं,
ती भुवया आक्रसून
काहीतरी वाचत होती.

अर्ज लिहिला. क्रमांक दिला.
सोमवारच्या आत काही होईल
असं मी म्हटलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.
खिशातली यंत्रं काढली,
रुमालाने पुसली, कानांत घातली,
वाऱ्याने हलणाऱ्या दाराकडे बघत
थोडा वेळ उभे राहिले.
‘बिजागरीला तेल घाला,’ म्हणाले. ‘केव्हाची रडतेय.’

ते गेले. माझ्या पडद्यावर चौकोन उघडला:
आमच्या अटी बदलल्या आहेत.
बाहेर अजून अकरा जण.
मी ‘नंतर’ दाबलं.