भेटकलम

गजराबाई दरेकर, वय एकसष्ट,
मुंढव्याच्या नर्सरीत कामाला.
चमकीखाली फोड आला होता.
तिनं हळद लावली, चमकी उजवीकडे घातली,
आणि दोन वर्षं गेली.

केसपेपरवर आम्ही काय लिहिलं ते तिनं विचारलं नाही.
एवढंच म्हणाली, "कीड किती आत गेलीय?"

डावी नाकपुडी काढावी लागली, शेंड्याच्या तुकड्यासकट.
ससूनच्या त्या वॉर्डात आरसा नाही,
पण जेवणाचं ताट स्टीलचं असतं.
दुसऱ्या दिवसापासून ती आमटी आधी वाढून घ्यायची,
ताटभर.

सर टाक्याच्या पाकिटाची चांदी कापतात,
खड्ड्यावर दाबून साचा घेतात,
उलटा करून कपाळावर धरतात
आणि मी जांभळ्या शाईनं भोवती रेघ ओढते.
पाचवीच्या रात्री सटवाईनं लिहिलं, तिथेच.
माझा हात अडखळला असावा.
"लिही पोरी," ती म्हणाली,
"आधीचंही काही फार बरं लिहिलेलं नव्हतं."

रेघेच्या आत तिचं गोंदण येत होतं,
हिरवा ठिपका, आईनं मांडीत दाबून धरून करवून घेतलेला.
टाळता येईना. रक्तवाहिनी भुवईपासून तशीच वर जाते.
"येऊ दे सोबत."

मग मी समजावू लागले, पुस्तक सोपं करून:
कातडी सोडवायची पण तोडायची नाही,
भुवईपाशी देठ ठेवायचा,
पीळ देऊन नाकावर आणायची,
खालचं रक्त तिच्यात उतरेपर्यंत तीन आठवडे—

"भेटकलम म्हण की!
आंब्याची फांदी आईपासून तोडायची नाही.
रोपच उचलून तिच्याजवळ न्यायचं,
दोघींना थोडं थोडं सोलायचं, बांधायचं.
जीव धरला की मग कात्री.
घाई तेवढी करू नको."

मी खाली बघून साचा पुन्हा मोजला.

तीन आठवडे कपाळापासून नाकावर उतरलेली ती सोंड.
शेजारच्या खाटेवरच्या बाईची नात म्हणाली, गणपती!
तिची आई मारायला धावली.
गजराबाईनं दुर्वा मागितल्या.

राउंडला सर पोरांना सांगत होते,
दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी म्हणे इथेच, पुण्याच्या आसपास,
कुणी एकानं असंच कपाळातून नाक केलं होतं.
त्याचं नाव कुणी नीट लिहून ठेवलं नाही.
"नावाचं काय घेऊन बसलात," पांघरुणातून आवाज,
"नाक राहिलं ना?"

देठ कापला त्या दिवशी
टोकाला सुई टोचली. रक्त आलं, लालभडक.
सर फक्त 'हं' म्हणाले.
त्या 'हं'वर आम्ही रात्री अमृततुल्यात तीन तीन चहा प्यायलो.

माघात ती तपासायला आली.
लांबून नाक बरं दिसतं. जवळून गोधडी.
आत कानाची कुर्ची आहे, ती जरा डावीकडे झुकलीय,
ते माझं काम.
गोंदण चमकीच्या जागी आलं असतं तर सांगायला गोष्ट झाली असती.
ते आलंय शेंड्याच्या कडेला,
पेन गळून डाग पडावा तसं.

म्हटलं, वळ घासून बारीक करता येईल. ठिपकाही काढता येईल.

"कलमाची गाठ झाकली तर गिऱ्हाईक घेत नाही.
वाकून गाठ बघतात.
गाठ नसली की म्हणतात, रायवळ आहे, फसवतेस."

काळ्या पिशवीतलं गुलाबाचं रोप माझ्यासाठी आणलं होतं,
पाणी मारून.
टेबलावर ठेवताना एक थेंब उडाला, तिच्या नाकावर बसला.
तिचा हात गेला कपाळाकडे.
कपाळ पुसलं. कोरडं.
पुन्हा पुसलं.
थेंब तोवर ओठापर्यंत आला.

"अजून तिकडचंच वाटतं?"
"माहेर आहे. लगेच कसं सुटेल?"

मी लिहिलं: संवेदना कपाळाची.
तीन महिन्यांनी बोलावलं.