सध्या

मेंढरं मोजताना मी अजूनही चुकतो.
बांध लांब आहे, आणि ती स्थिर उभी राहत नाहीत.
एका अंगाला ओहोटीचा करडा चिखल,
दुसऱ्या अंगाला गाव, समुद्राहून दीड हात खोल.
बाबा म्हणायचे, यांच्या खुरांनी माती दबते
म्हणून आपण रात्री झोपतो.

वीबके, तुला बुस्को आठवतो?
तीन वर्षं इमानानं राखण केली त्यानं
आणि एका फेब्रुवारीत कोकराचा गळा धरला.
लांडगा आला नव्हता. वासही नव्हता कसला.
बाबांनी आपल्याला आत पाठवलं, बंदूक घेतली.
तू आठ दिवस त्यांच्या हातचं जेवली नाहीस.

पुढं सव्विसाव्या वर्षी
तुझ्या गालांवर लाल फुलपाखरू बसलं,
नाकाच्या दोन्ही बाजूंना पंख.
मग बोटांचे सांधे. मग मूत्रपिंडं.
या दुखण्याचं नाव लॅटिनमध्ये लांडगा,
हे कळल्यावर तू हसलीस:
"लांडगा कुठला, त्यार्क. कुंपणच शेत खातंय."

ऊन वैरी झालं.
हातमोजे, बाबांची रुंद हॅट,
दिवस कलल्यावरच बांधावर.
आमच्याकडे जूनमध्ये दहा वाजेपर्यंत उजेड असतो.
जूनमध्ये तू येतच नसायचीस.

कीलच्या इस्पितळात डॉक्टर क्लासेननी
बिलाच्या पाठीवर चित्र काढून सांगितलं:
रक्तातल्या काही पेशी बाहेर काढायच्या,
एक विषाणू घ्यायचा, पांगळा केलेला,
आता फक्त निरोप पोचवण्यापुरता उरलेला,
तो त्यांच्यात एक जनुक ठेवून येईल.
नवं नाक म्हणा हवं तर.
मग त्या पेशी परत तुझ्या अंगात सोडायच्या,
घात करणाऱ्यांचा माग काढायला.
"घात करणाऱ्या तेवढ्याच मारतील?" मी विचारलं.
"नाही. त्या जातीच्या सगळ्या. निर्दोषही."
त्यांनी पेन खाली ठेवलं.
मला फीना आठवली, बुस्कोची बहीण.
बाबांनी तिला सोडलं होतं.

पिशवी आली ती एवढीशी,
ताकाच्या निवळीसारखी धुकट.
मी दिवसभर बसायच्या तयारीनं डबा नेलेला;
डबा उघडायच्या आत ती संपली.

चौथ्या रात्री ताप चाळीसवर.
नर्स गेशे म्हणाली, म्हणजे काम चाललंय.
पण दर काही तासांनी ती तुला कागद द्यायची,
एक वाक्य लिहा, कुठलंही.
तू दर वेळी तेच लिहायचीस:
बांधावर एकशे बारा मेंढरं आहेत.
पहाटे तीनला ओळ खाली घसरत गेली:
बांधावर बांधावर बांधाव
गेशे काही न बोलता फोनकडे गेली.
औषध चढवलं. मी त्या कागदाची घडी करत राहिलो,
जितकी बारीक होईल तितकी.
दुपारी तू पुन्हा लिहिलंस. एकशे बारा.
अक्षर वाकडं, मेंढरं पुरी.

मग रिपोर्टात आठवडेच्या आठवडे शून्य.
मग शरद ऋतूत, मज्जेतून, थोड्या थोड्या
नव्या पेशी. कोऱ्या.
कुणाशी भांडायचं ते अजून न शिकलेल्या.

डॉक्टर क्लासेन 'बरी' म्हणत नाहीत.
सध्या लघवीत प्रथिनं नाहीत.
सध्या गोळ्या बंद.
सध्या किती दिवसांचं असतं, मी विचारलं.
"तुमच्या बहिणीकडूनच शिकतोय आम्ही," त्या म्हणाल्या
आणि बिचकल्यासारखं हसल्या.

परवा, जूनच्या भर दुपारी,
तू मलम चोपडून बांध चढलीस. हॅट हातात.
तू उत्तरेकडून मोजत आलीस, मी दक्षिणेकडून.
तुझी एकशे बारा भरली, माझी एकशे तेरा.
पुन्हा मोजायचा कंटाळा केला आपण.

घरी आल्यावर दिव्याखाली
तुझे गाल लाल दिसले.
तू आरशापाशी गेलीस. मी किटली उगाच दोनदा भरली.
रात्रभर तुझ्या खोलीत उजेड होता.

सकाळी लाली गेलेली, नाकाच्या शेंड्यावर
कातडी जराशी सोललेली.
साधं ऊन लागलं होतं.