पन्नास मिनिटं

आमच्या होडीला डोळे आहेत.
तोंडाशी, निळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या वर,
लाकडात कोरलेले, भुवयांसकट.
दर मार्चमध्ये चेत्ता ते नव्यानं रंगवते
आणि बुबुळावर ब्रश टेकला
की तिचेच डोळे मिटतात.

रात्रीची मासेमारी सुटून नऊ वर्षं झाली.
आता आम्ही सूर्य विकतो.
माणशी अठरा युरो, पोरांना निम्मे,
श्लेंदीच्या धक्क्यापासून कड्यांपर्यंत आणि परत.
नार्दू सुकाणूवर. माझ्याकडे दोर,
लाइफ जॅकेटं, उलटीच्या पिशव्या.
माइकवर त्याचा विनोद ठरलेला:
‘आज मावळला नाही तर पैसे परत.’
लोक रोज हसतात, कारण लोक रोज वेगळे असतात.

परवा गुरुवारी रांगेत चेत्ता उभी.
चर्चचा काळा झगा, पायात मात्र घरातल्या सपाता,
मुठीत मोजून आणलेली नाणी.
‘काय झालं?’ नार्दू घाबरला.
‘तिकीट,’ ती म्हणाली.

सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात
ती या होडीत एकदाही बसली नव्हती.
बाई चढली की जाळं रिकामं येतं, असं सासूचं म्हणणं.
मग सासू गेली. जाळीही गेली.
म्हणणं तेवढं राहिलं होतं,
न्हाणीघरातल्या खुंटीवर राहतो तसा कुणाचा तरी टॉवेल.

मी जॅकेटचे बंद आवळायला लागलो.
‘सैल ठेव रे,’ ती म्हणाली, ‘श्वास घ्यायला आलेय.’

मिठागरांचे चौकोन मागे पडले,
टेहळणीचा जुना बुरूज मागे पडला,
मग कडे सुरू झाले,
सरळ, सुरीनं कापल्यासारखे,
मधाच्या रंगाचे, खाली ओले, काळे.
नार्दूनं इंजिन बंद केलं. रोज करतो.
त्या शांततेचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.

सूर्य पाण्याला टेकला आणि जरा पसरट झाला,
खाली काही टणक लागल्यासारखा.
तेवीस फोन वर गेले.
एक बाळ आईच्या खांद्यावर झोपून गेलं,
एका म्हाताऱ्या जर्मनानं टोपी काढली.
आणि चेत्ता पाठ करून बसलेली,
सगळ्यांच्या उलट, गावाकडे तोंड.

‘ती बघ,’ तिनं मला कोपरानं ढोसलं,
‘हिरव्या झडपांची. माझी खिडकी.’

चढावरच्या घरांत मला आधी काही सापडेना.
मग सापडलं: मोहरीएवढा उजेड.
निघताना स्वयंपाकघरातला दिवा
ती मुद्दाम चालू ठेवून आली होती.

‘एवढाच दिसायचा?’
हे तिनं नार्दूला विचारलं, मान न वळवता.
त्यानं माइक बाजूला ठेवला.
‘एवढाच. कधी कधी तोही नाही.
मग तू झोपलीस असं समजायचो.’
‘मी झोपायचे नाही.’
‘धुकं असायचं मग.’

लाट होडीखालून गेली, परत आली.

‘आणि विजेच्या बिलावरून भांडायचास,’ ती म्हणाली.

नार्दूनं चावी फिरवली. इंजिन दुसऱ्या खेपेला लागलं.
परतीच्या वाटेवर तो खडकांची नावं सांगायचं विसरला.
कुणी विचारलंही नाही.

धक्क्यावर उतरल्यावर तिनं हात पुढे केला, तळवा वर.
‘पैसे परत.’
‘मावळला की!’
‘मी कुठे बघितला?’

अठरा युरो मोजून घेतले तिनं,
एक नाणं उजेडात धरून तपासलंसुद्धा,
आणि सपाता फटफटवत चढ चढून गेली.

मी डेक धूत राहिलो.
कड्यांतले पक्षी रडायला लागले होते,
अंधार पडला की रडतात ते, अगदी तान्ह्या पोरांसारखे.
वर हिरव्या झडपांतला दिवा विझला.
मग लागला.
मग पुन्हा विझला, लागला.

नार्दू दोराच्या वेटोळ्यावर बसून होता.
त्यानं हात वर केला,
म्हणजे तिथून काय दिसणार होतं,
तरी बराच वेळ.