सातवं उदाहरण

पहिल्या उदाहरणात फक्त एक ठिपका.
नमनाला घडाभर तेल नाही:
खिडकी उघड, काळी कर,
मधोमध पांढरा ठिपका ठेव,
कळ दाबेपर्यंत थांब.
खाली हिल्यारची टीप:
‘दिसत नसेल तर आधी काच पूस.
आमच्या डेअरीत एकदा तो ठिपका माशी निघाला.’

दिवसा तो वोरूच्या डेअरीत
दुधाच्या टाक्यांचे आकडे सांभाळी,
रात्री आमच्या शाळेसाठी हे लिही:
ठिपके, रेघा, रंग, एवढंच जाणणारी लायब्ररी
आणि ती शिकायला बारा उदाहरणं.
बारावं अर्धवट आहे. त्याबद्दल तो बोलत नाही.

दुसऱ्यात तिरपी रेघ.
लांबून रेघ, नाक लावलं की जिना.
लेमेट म्हणाला, बाई, ही फसवणूक आहे.
मी म्हटलं, हो.

तिसऱ्यात घर, धुराडं, धूर.
दर वर्षी कुणाचा तरी धूर जमिनीत शिरतो,
कारण इथे शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात बसलंय
आणि आकडा वाढला की खाली जायचं असतं.
वर चढायचं तर वजा करत जायचं.
मुलं दोन दिवसांत सरावतात.
मी पन्नाशीत शिकले, बोटं अजून चुकतात.

पाचव्यात रंग ओतायचा.
भिंतीच्या आत एका ठिपक्यावर निळा सोडला
की तो शेजाऱ्याला विचारतो, शेजारी त्याच्या शेजाऱ्याला,
आडवी येईल ती भिंत लागेपर्यंत.
रैकोच्या भिंतीत एका ठिपक्याची फट राहिली होती.
घर निळं झालं, अंगण निळं, सगळं आकाश.
चंद्र तेवढा वाचला,
त्याचं वर्तुळ नीट मिटलेलं होतं.

आणि सातवं.
सातव्यात तामुलाचं तळं,
फेब्रुवारीत खिडकीबाहेर गोठून पांढरं पडतं तेच,
इथे मात्र वाहतं:
वरून खाली, ओळीमागून ओळ,
प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा जराशी गडद,
आणि तळाशी एक काळी रेघ.
अकरा वर्षं मी वर्गाला सांगत आले, हा काठ.

केर्त्तुनं मोजलं.
‘बाई, ओळी दोनशे आहेत.
हा एकशेनव्व्याण्णवच रंगवतो.
शेवटची काळी केलेली नाही.
ती राहून गेलीय.’

मी हिल्यारला फोन लावला.
आधी किटलीची शिट्टी ऐकू आली, मग तो.
‘काठ आहे तो.’
‘हिल्यार.’
‘काठ आहे म्हणतो ना.’
आणि ठेवून दिला.

संध्याकाळी त्याची सून चिठ्ठी देऊन गेली.
जुन्या दुधाच्या पावतीमागे
पेन्सिलीनं लिहिलेली एकच ओळ,
आणि त्या ओळीत ‘पेक्षा लहान’ला
चिकटवलेलं बरोबरचं चिन्ह.
दोनदा गिरवलेलं. बाकी काही नाही, सहीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी ते चिन्ह घातलं.
तळं भरलं, खालच्या कडेपर्यंत,
थेट पडद्याच्या चौकटीला टेकलं.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
‘आता उभं कुठे राहायचं?’ केर्त्तु म्हणाली.

सुट्टी झाली, कोट चढले, बूट वाजत गेले.
ती उठली नाही.
सातव्याच्या शेवटी तिनं एक ओळ जोडली:
डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत,
अगदी तळाला, काळी रेघ.
चालवून पाहिलं.
चित्र पुन्हा होतं तसंच,
एका ठिपक्याचाही फरक नाही.

मग हिल्यारच्या टिपेखाली तिची टीप:
‘काठ. मुद्दाम.’