श्रेणी सहा

ॲबर्डीनला डिसेंबरात साडेतीनलाच अंधार पडतो.
आमच्या तळघराला खिडकी नाही;
बाहेरचं हवामान आम्ही इशबेल गेडिसच्या कोटावरून ओळखतो.
त्या दिवशी तो ओला होता, आणि खिशातून
अकरा पानांचा फॉर्म डोकावत होता.

'पदाचा दर्जा वाढवून मिळण्यासाठी कामाचं स्वरूप लिहा.'
तिनं लिहिलं : बावीस वर्षं. एकशे चाळीस खोल्या.
'काम उत्तम झाल्यास काय परिणाम होतो?'
तिनं लिहिलं : काहीच होत नाही.
मग खोडलं. समितीला विनोद कळत नाहीत, म्हणाली.

फार्कुहार मास्तरांचं तिनं लिहिलंच नाही.
भूगर्भशास्त्राचे, अर्धांगातून उठलेले,
वाक्याच्या शेवटी आवाज विझायचा त्यांचा.
दीड तास ती मागच्या काचेआड बसून
प्रत्येक वाक्याचं शेपूट एका बोटानं उचलत राहिली.
बाहेर पडताना लोक म्हणत होते,
काय खणखणीत आवाज आहे हो म्हाताऱ्याचा अजून!
आभारात फुलवाल्याचं नाव आलं. सँडविचवाल्याचंही.

गुरुवारी वरून फोन : लंडनचे सदस्य ऐकू येत नाहीत.
ती पुढे, शिडी घेऊन मी मागे.
टेबलाखाली, चकचकीत बुटांच्या गर्दीत
गुडघ्यांवर बसून तिनं सैल झालेली वायर शोधली.
मी उभा होतो, म्हणून पडदा मला दिसला :
विषय चौथा. दृक्‌श्राव्य विभाग, पदांचा दर्जा.

'एक, दोन. लंडन, येतंय ऐकू?'
लंडननं मान डोलावली.
'थँक्यू, आयटी,' कुणीतरी म्हणालं.
आम्ही आयटी नाही.

हेडफोन अजून तिच्या कानावर होता,
अध्यक्षांनी चौथा विषय वाचायला घेतलेला.
मी असतो तर ऐकलं असतं, खोटं कशाला बोलू.
तिनं आवाज स्वच्छ आहे एवढं तपासलं,
एका शब्दापुरतं,
आणि हेडफोन काढला.
वायर गुंडाळली, मला शिकवलेली तशीच,
एक वेढा सुलट, एक उलट,
म्हणजे वायरीला पीळ लक्षात राहत नाही.
दार तिनं आवाज न करता लावलं.

जिन्यात मी विचारलं, काय म्हणाले?
'शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचतंय,' ती म्हणाली,
'दोनशे सहाचा प्रोजेक्टर बघितलास का?'

नव्हता बघितला.
शिडी खांद्यावर घेऊन मी निघालो.