तिसरी पाळी

आमच्या घरात माग होता, खड्ड्यात पाय सोडून बसायचा.
बाप भूमय्या साका त्यावर लुगडी विणायचा,
मी कांड्या भरायचे.
लढाई कुठल्या मुलखात चालली ते ठाऊक नव्हतं.
सूत मिळेना झालं तेव्हा कळलं,
ती इतवाऱ्यात येऊन बसलीय.

सहा आठवडे माग रिकामा.
मग बापाने धोटा पांढऱ्या कापडात गुंडाळून
फळीवर ठेवला, देव ठेवावा तसा,
आणि गिरणीच्या फाटकावर नाव लिहून आला.
चार महिन्यांनी माझंही.

तोवर नांदेडला दिवस होता आणि रात्र होती.
भोंग्याने त्यांचे तीन तुकडे केले.
रात्री दहाला चुली पेटू लागल्या,
चहावाल्या गंगारामचा बंब विझेना,
पोरं बापाला ओळखू लागली
पाठीवरून: भिंतीकडे तोंड करून निजलेला माणूस.
घरात रॉकेल नाही,
गिरणीच्या खिडक्या मात्र पहाटेपर्यंत जळत.
पगार हाली शिक्क्यात, महागाई कलदारात.

रंगखात्याचं पाणी ओढ्याने गोदावरीत उतरायचं,
खाकी.
धोबी आपले दगड घेऊन वरच्या अंगाला सरकले.
पोरं खालीच पोहत राहिली,
मळखाऊ रंगाची होऊन घरी आली.

बापाला तिसरी पाळी, मला पहिली.
फाटकात भेट व्हायची,
एवढीच की डबा त्याच्या हातून माझ्या हातात.
घरात डबा एकच होता.
कधी त्यात अर्धी भाकरी उरलेली असायची.
ती उरली होती की ठेवली होती,
हे मी विचारलं नाही.

मी पट्टीखात्यात.
चार बोटं रुंद, पाच वार लांब, घट्ट गुंडाळायची.
आधी नग मोजायचे.
मग कधीतरी हात आपोआप सांगू लागला:
ही गुडघ्याची. ही डोळ्यावरची.
ही पुरायची नाही.
इब्राहीम जॉबर मागून म्हणायचा,
"सोचो नको बेटी, लपेटो."

त्या माघात बाप गेला. ताप, तीन दिवस.
कापडाचं कार्ड संपलेलं.
दुकानदाराने मला गजाची पट्टी दाखवली, नुसती.
ज्याने गावाची लुगडी विणली
त्याच्यावर घालायला दोन वार पांढरं नव्हतं.
होतं. फळीवर.
आई म्हणाली, ते धोट्याचं.
धोटा उघडा पडला तर माग मेला.
मी वाद घातला नाही.

पाळीला गेले.
सुटताना लुगड्याखाली पोटाला पट्ट्या गुंडाळल्या,
अकरा.
फाटकावर झडतीला फातमाबी.
तिचा हात माझ्या पोटावर आला, थांबला.
मागे रांग होती.
तिने विचारलं, "जखम है क्या?"
मी मान हलवली.
"संभालके जाव," म्हणाली,
आणि मागच्या बाईला पुढे ओढलं.

पायांपासून सुरुवात केली.
एक संपली की दुसरीची गाठ.
अकरावी हनुवटीशी संपली.
तोंड उघडंच राहिलं.
घाटावर कुणीतरी हळूच विचारलं,
हा कुठल्या आघाडीवर होता?

लढाई सरली त्या दिवशी भोंगा फार वेळ वाजला,
पेढे वाटले,
दीड महिन्यात तिसरी पाळी बंद.
वाटलं होतं, आता गाव झोपेल.
पण दहा वाजता दारं उघडत,
माणसं ओट्यावर येऊन बसत,
एकमेकांकडे बघत,
जसं कुणी बोलवायचं विसरलंय.
गंगारामने बंब पेटता ठेवला,
गिऱ्हाईक नव्हतं तरी.

सूत परत मिळू लागलं, तेव्हा
आईने धोटा खाली काढला.
मी खड्ड्यात पाय सोडून बसले.
पहिलं लुगडं
चार बोटं विणून झालं
आणि माझा हात कात्रीकडे गेला.